माल हवेत आहे

प्रिय निहार आणि इरा,

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहिला. समुद्राकाठच्या हॉटेलात एक म्हातारा दोन्ही हात पसरून जेवणाऱ्या लोकांना टेबलांवरून उठवतो आहे, आणि त्याखाली तुमचे हसून रडणारे पिवळे चेहरे. इराने विचारलं आहे, “आजी, हे तुझ्या बिल्डिंगमधले ना?” होय. पहिल्या मजल्यावरचे परबआजोबा. उजव्या कोपऱ्यात जांभळी साडी दिसते, ती मी. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा आहे आणि माणूस ऐंशीच्या घरातला, तेव्हा उरलेलं लिहून कळवते. मराठीतच लिहिते. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

परबआजोबा पंख्याखाली बसत नाहीत. मुलुंडच्या मे महिन्यातसुद्धा नाही. आमच्याकडे आले की आधी वर बघतात, मग खुर्ची भिंतीकडे ओढतात. मी एकदा म्हटलं, “भावोजी, वारा तिकडे येत नाही.” तर म्हणाले, “वारो नको वहिनी. टांगलेल्या मालाखाली बसूचा नाय.” स्वतःच्या घरात त्यांनी पलंगसुद्धा कोपऱ्यात सरकवला आहे. कुंड्या ठेवलेल्या गॅलऱ्यांखालून ते जात नाहीत; गेटपासून जिन्यापर्यंत वाकडे वाकडे चालतात. नवीन वॉचमनला पहिला आठवडा वाटलं, म्हातारा घेऊन येतो.

ते गोदीत सिग्नलमन होते. म्हणजे काय, ते सांगते. क्रेनचा ड्रायव्हर उंच केबिनमध्ये बसतो. जहाजाच्या पोटातलं त्याला काही दिसत नाही. दिसतो तो फक्त खाली उभा असलेला एक माणूस आणि त्याचा हात. बोट वर करून फिरवलं की माल उचलायचा, खाली करून फिरवलं की सोडायचा, मूठ वळली की जागच्या जागी थांबायचं. उचलणं म्हणजे ‘हाबीस’ आणि सोडणं म्हणजे ‘आरिया’. हे शब्द कुठल्या भाषेतले ते परबआजोबांना ठाऊक नाही, आणि माझ्याकडच्या शब्दकोशांत मला ते सापडले नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमची सोसायटी हाती घेतली. कुणाचा फ्रिज येवो, कुणाची गाडी मागे जावो, परबआजोबा समोर उभे. “एका मालाक एकच हात,” हा त्यांचा कायदा. दुसऱ्या कुणी हात हलवला की ते काम थांबवतात. शहांचा सोफा दोरीने तिसऱ्या मजल्यावर चढत होता, तेव्हा शहांनी खालून “थोडा लेफ्ट” एवढंच म्हटलं. परबआजोबांनी मूठ वळली. “शहाशेठ, तुम्ही सांगताय की मी सांगू?” सोफा दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी लोंबकळत राहिला आणि आतल्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, “ठरवा लवकर, मला कपडे वाळत घालायचेत.”

त्याच कुलकर्ण्यांच्या मुलीच्या लग्नात ते पहिल्या रांगेत बसले होते. अंतरपाट धरलेल्या दोन मामांकडे बघता बघता त्यांचं बोट आपोआप खाली वळलं आणि फिरलं. मामा आमच्याच बिल्डिंगमधले. त्यांना सवय. अंतरपाट खाली, आणि गुरुजींचं शेवटचं मंगलाष्टक अजून बाकी. गुरुजी म्हणाले, “अहो, कुणी सांगितलं?” दोन्ही मामांनी परबआजोबांकडे बोट दाखवलं.

आता त्या हॉटेलाविषयी. जुन्या गोदीत आता काचेच्या कचेऱ्या झाल्या आहेत, गोदामांत दुकानं आणि हॉटेलं, पाण्याच्या कडेने फिरायला फरसबंदी. आम्हाला वाटलं, परबआजोबा चिडतील. ते उलट खूश. “माणसा कामाक येतत मा? मगे झाला.” त्यांची नात मृण्मयी तिथे एका कचेरीत लागली, तर ते गावभर सांगत सुटले, “आमची नात गोदीत कामाला आहे.” ती तिथे संगणकावर इमारतींच्या देखभालीचं बघते, हा तपशील ते गाळतात.

पहिल्या पगाराचं जेवण म्हणून मृण्मयीने आजोबांना तिथे नेलं, आणि मलाही. परबीण वहिनी गेल्यापासून अशा ठिकाणी सोबत म्हणून मला बोलावतात. परबआजोबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. टॅक्सीत प्रत्येक सिग्नलला सांगत होते की त्यांच्या क्रेनवरचा ड्रायव्हर जुझे, वाकोल्याचा, किती हलक्या हाताने माल ठेवायचा. “अंड्याची पेटी ठेवल्यासारखो.” आयुष्यभर दोघं एकाच क्रेनवर. दुपारी जाडजूड जुझे सावकाश शिडी उतरायचा, आणि परबीण वहिनींचं बांगड्याचं तिखलं आणि जुझेचे पाव एकाच डब्याभोवती बसून संपायचे. जुझे करोनाच्या टाळेबंदीत वारला. वाकोला काही लांब नाही, पण तेव्हा परबआजोबांना घराबाहेर पडता आलं नाही.

पोचलो, आणि समोर तीच क्रेन. पिवळी रंगवलेली, दिवे लावलेली. आकड्याला शोभेसाठी लाकडी खोका टांगलेला, आणि बरोबर त्याच्या खाली टेबलं. परबआजोबा थांबले. केबिनकडे बघून त्यांनी विचारलं, “वर कोण आहे?”

“कुणी नाही आजोबा, शोची आहे,” मृण्मयी म्हणाली.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. “उठा, बाजूक व्हा, माल वर आसा.” आवाज असा की अख्खी रांग प्लेटा घेऊन उठली. सिक्युरिटीवाला धावत आला. “काका, खोका रिकामा आहे हो.”

“मगे रिकामो खोको काय पिसासारखो पडतलो?”

शेवटी मॅनेजर आला. फार सभ्य मुलगा. म्हणाला, “काका, घाबरू नका. तो वेल्ड केलाय. कधीच खाली येणार नाही.”

इथे व्हिडिओ संपतो. त्यानंतर परबआजोबांनी हात खाली घेतले आणि न जेवता गेटकडे चालू लागले.

परत येताना मी समजूत घातली, की लोक सुरक्षित आहेत. ते बाहेर बघत होते. “लोकांचा नाय वहिनी. माल हवेत असला की ड्रायव्हर जागा सोडत नाही. बदली वर चढल्याशिवाय नाही. हे म्हणतात, कधीच खाली येणार नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मगे जुझेन जेवायचा कधी?”

पुढे बसलेली मृण्मयी फोनवर कचेरीचं वेळापत्रक उघडून बघत होती.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी तिने आम्हाला पुन्हा नेलं. हॉटेल अजून उघडायचं होतं. तिच्या कचेरीने बोलावलेली, क्रेन धुणारी माणसं आली होती. त्यांच्याकडचं हेल्मेट आणि पट्टा घालून ती त्यांच्याबरोबर शिडी चढली. परबआजोबा खाली आपल्या जागेवर उभे होते, खोक्यापासून दूर, केबिनमधून दिसेल असे. ती आत बसली आणि खिडकीतून ओरडली, “आजोबा, बदली आली. जुझेंना सोडा.”

परबआजोबांनी आधी मूठ वळली. माल जागेवर आहे, याची खात्री केली. मग पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली. जेवायला ये. शिडीकडे बघत ते थोडा वेळ उभे राहिले, जड माणसाला उतरायला लागतो तेवढा. मग कडेच्या बाकावर बसून त्यांनी डबा उघडला. आदल्या रात्री तिखलं मीच करून दिलं होतं. बांगडे त्यांनी आणले, पाव मृण्मयीने. त्यांनी बाकाच्या अर्ध्या भागात जेवण केलं आणि अर्धा मोकळा ठेवला.

खोका अजून तसाच टांगलेला आहे आणि लोक त्याखाली जेवतात. परबआजोबा अजून पंख्याखाली बसत नाहीत. क्रेन धुवायचा दिवस आला की मृण्मयी हेल्मेट घालते. तिथे आता जहाज लागत नाही, पण त्या दिवशी मुलुंडहून दोन माणसांचा डबा जातो.

तुमची,
आजी