हिराजीचं खळं

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की हिराजीचे विनोदी किस्से सांगायचो, लोक हसायचे, आणि शेवटचा किस्सा येण्याआधी मी चहा मागवायचो. आज चहा नको.

टेमघरला आमच्या ट्रस्टचा इनडोअर हॉल आहे. सकाळी बॅडमिंटन, दुपारी कबड्डी, सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्रा नाहीतर कव्वाली. मी तिथला मॅनेजर, हिराजी वॉचमन. उद्घाटनालाच त्यानं प्रमुख पाहुण्यांना दारात आडवा हात लावला. “चपला भायेर, शेठ!”

मी धावत पुढे झालो. “हिराजी, अरे पाहुणे आहेत!”

“म्हनून तं शेठ बोललो. नायतर ‘ए’ बोललो असतो.”

पाहुण्यांनी बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. फोटोत आमच्या सगळ्यांच्या नजरा त्या अंगठ्यावर आहेत.

हॉल हिराजीच्या शेतावर उभा आहे. जमीन भावकीनं विकली. त्याच्या बापाचं खळं होतं नेमकं तिथंच लाकडी कोर्ट आलं. “खल्यान कोनी चपला घालून जातंय का?” हे त्याचं सगळ्यांना एकच उत्तर. एका गायिकेला त्यानं अनवाणी गायला लावलं. चालू मॅचमध्ये फडकं घेऊन घुसायचा. “थांबा, घाम गललाय!” पंचही थांबायचे.

बायको नाही, पोर नाही. माझ्या लेकीला, वैशालीला, लहानपणी खांद्यावर बसवून तो कोर्टभर फिरायचा.

त्याच वैशालीच्या हळदीला, भरदुपारी, वावटळीनं मैदानातला मांडव पाडला. सगळं गाव जमलेलं, बेंजो वाजतोय. हिराजी गणेशपुरीला कुंडात आंघोळीला गेला होता. माझ्याकडे दुसरी किल्ली होती. मी हॉल उघडला. खाली जाजम टाकायचंही भान राहिलं नाही. बूट, सँडल, हळदीनं माखलेले पाय, सगळे कोर्टावर नाचले. मीही नाचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट पिवळं झालं होतं, टाचांचे टोचे पडले होते. हिराजी दारात आला, पाहिलं, आणि चपला न काढता आत चालत गेला. तेव्हा मी खरा हादरलो.

दुपारी ट्रस्टी जमले. हिराजीही दाराशी उभा होता. “कोणाला विचारून हॉल दिला?”

मी म्हणालो, “मांडव पडला तेव्हा हिराजीनं उघडून दिला. मला वाटलं, त्यानं विचारलं असेल.”

माझाच आवाज ऐकून मला धक्का बसला. आता हा ओरडणार, म्हणून मी मान खाली घातली.

“व्हय, मीच उघडला,” हिराजी म्हणाला. “आमच्या पोरीची हलद व्हती.”

आमच्या पोरीची! मी वर बघू शकलो नाही. संध्याकाळी त्याला कामावरून काढलं. बापाच्या जागेवरून तो दुसऱ्यांदा गेला.

पुढे धामणकर नाक्यावर एका लूम कारखान्याच्या गेटवर तो ड्युटी करत होता. मी गेलो. रिक्षात वाक्य पाठ केलं होतं. त्यानं स्टूल पुसून दिलं, विचारलं, “पोर बरी हाय ना?”

“बरी आहे.”

“मंग झाला तर.”

मी थोडा वेळ बसलो, आणि उठून आलो. हिराजी गेल्या वर्षी वारला. पाठ केलेलं वाक्य एवढंच होतं: “हिराजी, हॉल मी उघडला होता. मला माफ कर.”