वैशाखातली वेळ अमावस्या

लेकीनं लेकरू घेऊन माहेरी येणं हा गुन्हा असू शकतो, हे खटकचिंचोळीच्या किशनरावांना सत्तरीत कळलं, आणि तेही नेदरलँड्सच्या एका न्यायालयाकडून. तोवर कर्नाटकातल्या भालकी तालुक्यात या प्रकाराला माहेरपण म्हणत. न्यायालयाच्या भाषेत त्याला आंतरराष्ट्रीय बाल-अपहरण म्हणतात. अपहरणाचा तपशील असा : लेक अंबिका दिवाळीत सहा वर्षांच्या तन्मयीला घेऊन विमानानं हैदराबादला उतरली, वडिलांच्या जीपमधून गावी आली, आई सुमनबाईंनी दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि संक्रांत उलटली तरी परतीचं कुणी नाव काढलं नाही. नवऱ्याशी काय बिनसलं ते अंबिकेनं आईला सांगितलं, आईनं वडिलांना सांगितलं नाही, आणि वडिलांनी न ऐकताच जावयाला दोषी ठरवून टाकलं.

जावई तिकडच्या कोर्टात गेला. मुलीला परत पाठवा, असा हुकूम झाला. तो हुकूम घेऊन जावई इकडच्या कोर्टात आला. इकडच्या कोर्टानं सांगितलं, बालकल्याण अधिकारी आधी गावात जाऊन मुलीला पाहून येतील.

तन्मयी रोज सकाळी आजोबांच्या दाढीचा साबण फेसाळून द्यायची आणि त्यातला अर्धा स्वतःच्या गालांना लावायची. ती गेली तर दाढी करण्यात काही राम उरणार नव्हता. किशनराव तडक भालकीला वकील बसवंतप्पांकडं गेले.

"अण्णा," बसवंतप्पा म्हणाले, "लेकरू हितं रुळलंय, हे अधिकारी मॅडमला दिसलं पाहिजे. मुळं दिसली पाहिजेत."

"दाखवू की," किशनराव म्हणाले. ते शेतकरी होते.

गाव कामाला लागलं. शाळेनं तन्मयीला वर्गाची मॉनिटर केलं, जुन्या मॉनिटरला चॉकलेट देऊन. महिला मंडळानं तिला हळदीकुंकवाची प्रमुख पाहुणी नेमलं. ग्रामपंचायतीनं ठराव केला की सदर बालिका गावात पूर्णपणे रुळली असून यापुढेही रुळत राहील. तरी बसवंतप्पांचं समाधान होईना. त्यांना परंपरा हवी होती, फोटोत येईल अशी. आणि या भागात परंपरा म्हटलं की वेळ अमावस्या : उभ्या ज्वारीत कडब्याची कोप म्हणजे खोपटं, कोपीत पांडवांची पूजा, हिरव्या दाण्या-भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, आणि रानभर जेवणाऱ्या पंगती.

"पण ती मार्गशीर्षात येती," सुमनबाई म्हणाल्या. "आता वैशाख चाललाय."

"सण आपला हाय, तारीख मॅडमची," किशनराव म्हणाले. "त्यात काय करायचं?"

मग नांगरून पडलेल्या उन्हाळी रानात कोप उभी राहिली. कोपीभोवती पीक हवं, म्हणून कडब्याच्या पेंढ्या सोडून एकेक धाट ढेकळांत रोवलं. हिरवे दाणे मिळेनात, तर हरभरे भिजत घालून भज्जी शिजवली. ऊन असं होतं की पूजेला बसलेल्यांनी डोक्यावर ओले टॉवेल घेतले. तन्मयीला खणाचं परकर-पोलकं घालून मधोमध बसवलं आणि "मला हितंच ऱ्हायचंय" हे वाक्य शेवटचं एकदा म्हणवून घेतलं.

बालकल्याण अधिकारी मल्लेश्वरी मॅडम आल्या. बाई आळंद तालुक्यातल्या खजुरीच्या होत्या, हे बसवंतप्पांना आधी कळायला हवं होतं.

"आमच्याकडं वेळ अमावस्या थंडीत येती," त्या म्हणाल्या.

"हितं गरजेप्रमाणं येती," बसवंतप्पा म्हणाले.

मॅडमनी एक धाट हलकेच ओढलं. ते हातात आलं. त्यांनी ते होतं तिथं परत टोचलं, पदर सावरून पंगतीत बसल्या आणि आंबील मागितली. किशनरावांना वाटलं, जिंकलं.

"किशनराव, लेकरू कुणाचं असतंय?" मॅडमनी विचारलं.

"आईचं," किशनराव छाती काढून म्हणाले. "आई असंल तिथं लेकरू. बापानं परदेशातनं हुकूम आणला म्हणून काय आईच्या कुशीतनं उपटून न्यायचं? ह्याला काय माणुसकी म्हणत्यात?"

मॅडमनी मान डोलावली. तेवढ्यात चार वर्षांचा एक पोरगा भज्जीनं माखलेले हात घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिला. हा सोहम, किशनरावांच्या मुलाचा मुलगा.

"तुमी उदगीरला जायलाव का?" त्यानं विचारलं. "माझी मम्मी तिथं हाय."

"हा हितं कामून?" मॅडमनी विचारलं.

"आमचा नातू हाय," किशनराव म्हणाले. "सून सुधारानी रुसून ह्याला माहेरी घेऊन गेली होती. ती देवळात गेली तवा मी जीपमधनं परत आणला. लेकरू बापाच्या घरचं असतंय, मॅडम. असं कुणीबी उचलून नेलं तर कसं चालंल?"

सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की काय, हे कळायला मार्ग नव्हता.

"म्हणजे एक लेकरू हुकूम नसताना आणलं," मॅडम म्हणाल्या, "आणि दुसरं हुकूम असताना देत न्हाई."

"दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत," बसवंतप्पा घाईनं म्हणाले. "एकात सरहद्द ओलांडली आहे."

"उदगीर कवापासून कर्नाटकात आलं?"

बसवंतप्पांनी भज्जीकडं लक्ष दिलं. मॅडमनी तन्मयीला जवळ घेतलं. "तुला कुठं राहायचंय, बाळा?"

"मला हितंच ऱ्हायचंय," तन्मयी खणखणीत म्हणाली. गावानं टाळ्या वाजवल्या. ती थांबली नाही. "आणि पप्पांनी फोनवर शिकवलंय ते इंग्लिशमधी हाय. तेबी पाठ हाय." तिनं आजोबांकडं पाहिलं. "आबा, कुठलं म्हणू?"

किशनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साबणाचा फेस गालांना लावून हसणारी ही पोर, आणि आपण तिला पोपट करून ठेवलं.

"कुठलंच म्हणू नको," ते म्हणाले. "आंबील पी."

मुलीनं परत जावं, आईनं सोबत जावं आणि नवरा-बायकोनं भांडण तिकडं मिटवावं, असा निकाल लागला. विमानतळावर किशनराव पोरासारखे रडले. आता तन्मयी रोज व्हिडिओ कॉलवर त्यांना दाढी करायला लावते आणि गालावर कुठं खुंट राहिले ते सांगते. हैदराबादहून परतल्यावर त्यांनी सोहमला जीपमध्ये घातलं आणि उदगीर गाठलं. सुधारानीनं पोराला कडेवर घेतलं, सासऱ्याला पाणी दिलं, चहा मात्र दिला नाही. एवढी शिक्षा किशनरावांनी आनंदानं सोसली.

गाव अजून त्यांना हसतं. तुम्हीही हसा. मात्र पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर मांडीवरच्या लेकराला "आई जास्त आवडते की बाबा?" असं कौतुकानं विचाराल, आणि ते उत्तर देण्याआधी तुमच्या तोंडाकडं बघेल, तेव्हा ओळखून घ्या. त्याचीही दोन्ही वाक्यं पाठ झाली आहेत.