हमदीच्या दुकानातला भुरका

"जपानी आलाय," गल्ल्यावरून उठून नगवानं स्वयंपाकघराच्या पडद्याआड तोंड घातलं. "खराखुरा. सोबत मुलगी आहे."

हमदीच्या हातातला झारा तसाच राहिला. अलेक्झांड्रियात, सिदी बिश्रच्या ट्राम-थांब्यामागे त्यानं सुशीचं आणि रामेनचं, म्हणजे कोंबडीच्या रसातल्या शेवयांचं, दुकान थाटल्याला दोन वर्षं होत आली होती. एवढ्या काळात एकही जपानी माणूस त्याची पायरी चढला नव्हता. आणि चढला तो नेमका आज, त्याच्या बायकोचे, नगवाचे, मामा हाजी दसूकी कोपऱ्यातल्या टेबलाला काठी टेकवून बसले असताना.

जागा मामांची होती. करार या महिन्यात संपत होता आणि पुढं काय करायचं ते मामा आज जेवून ठरवणार होते. त्यांच्या डोक्यात कलेजीचं दुकान होतं. कलेजी तव्यावर पडली की गल्लीला कळतं, त्यात लपवाछपवी नाही, असं त्यांचं म्हणणं. उलट हमदीचा सगळाच कारभार त्यांना संशयास्पद वाटे. मासा कच्चा का देतोस, गॅस संपला का? भात गार का? शेवया एवढ्या पाण्यात कशाला बुडवायच्या, खाली काय लपवलंय? आणि मुख्य म्हणजे हा गडी सहा वर्षं खरोखरच ओसाकाला होता, की पोर्ट सईदला कुठंतरी भांडी घासत होता? ही पोर्ट सईदची शंका त्यांनी नगवाच्या लग्नाआधी काढली होती आणि अजून मागं घेतलेली नव्हती.

हमदी ओसाकाला होता, अगदी खरोखर होता. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाकडून तो रामेन शिकला आणि त्याहून महत्त्वाची एक गोष्ट शिकला. रात्री दुकान भरलं की उस्ताद चुलीशी डोळे मिटून उभा राहायचा आणि गिऱ्हाइकांचे भुरके ऐकायचा. शेवया जितक्या जोरात ओढल्या जातील, तितकं रसाचं कौतुक. अलेक्झांड्रियाला परतल्यावर हमदीनं हे प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं. सुरुवातीला लोक लाजले. आयांनी लहानपणी याच गोष्टीसाठी चापट्या मारल्या होत्या. पण एकदा परवानगी मिळाल्यावर ते असे सुटले, की शेजारचा औषधवाला रऊफ भुरका मारायचा तेव्हा बाहेर मांजरं उठून बसायची.

"आता बघा मामा," हमदी बाहेर येऊन कुजबुजला. "आता या माणसाचा भुरका ऐका. मग पोर्ट सईद म्हणा."

"ऐकतो की," मामा म्हणाले. "कान शाबूत आहेत माझे."

पाहुण्यांचं नाव होतं नोगामी. साठी उलटलेला, टापटीप, पाठीत ताठ माणूस. मुलगी मिहो बंदरावरच्या जहाज कंपनीत नोकरीला होती आणि बाप तिच्याकडं पंधरवड्यासाठी आला होता. हमदी त्यांच्याशी जपानीत बोलला तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. मामांनी मात्र नगवाला विचारलं, "हे जपानीच आहे कशावरून? तुला येतं का? मला येतं का?"

सुशी आली, ती दोघांनी गपचूप खाल्ली. सुशी गपचूपच खातात, त्याचं काही नाही. मग रामेन आलं. नोगामींनी हात जोडले, काड्या उचलल्या, शेवयांचा झुबका वर घेतला. सगळं दुकान श्वास रोखून बसलं. नोगामींनी तो झुबका ओठांत धरला आणि हळूहळू, ससा गवत खातो तसा, बिनआवाजी आत घेतला.

हमदीच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय रे?" मामांनी विचारलं. "वाजलं नाही ते?"

"पहिला घास आहे मामा. गरम असेल."

दुसराही वाजला नाही आणि तिसराही नाही. हमदी आत धावला. रस चाखून पाहिला. खारट? नाही. मग कोंबडीची हाडं कमी उकळली का? कमी कशी, सकाळपासून तर चढवलीत. त्यानं दुसऱ्या पातेल्यातला घट्ट रस काढला, वर अंडं घातलं, आणि "आमच्याकडून" म्हणून नवा वाडगा नेऊन ठेवला. नोगामींनी वाडग्याकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं, कंबरेत वाकून आभार मानले आणि तोही शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. ताटात टाकायची त्यांना सवय नव्हती. पण आवाज म्हणाल तर डास बसल्याचासुद्धा नाही.

"औषध घेतल्यासारखं गिळतोय बिचारा," मामा म्हणाले. "छान झालंय का विचार त्याला."

हमदीनं विचारलं. "फारच छान," नोगामी म्हणाले.

"छान म्हणतात, मामा."

"ते तू सांगतोस. आणि तोंडावर कोण वाईट म्हणेल? आवाज का करत नाही ते विचार."

हे मात्र हमदीला विचारवेना. गिऱ्हाइकाकडं भुरका मागायचा म्हणजे स्वतःच्या तोंडानं वाहवा मागायची. ओसाकाच्या उस्तादानं ऐकलं असतं तर झारा फेकून मारला असता. शेवटी त्यानं तिसरा वाडगा भरला आणि तो नेता नेता रऊफला डोळा मारला. वातावरण तयार झालं की म्हाताराही सैल सुटेल, असा त्याचा हिशेब.

रऊफनं डोळ्याचा अर्थ बरोबर घेतला. छाती भरून श्वास घेऊन त्यानं असा भुरका मारला की काचेवर शिंतोडे उडाले. पलीकडच्या टेबलानं साथ दिली. मग त्याच्या पलीकडच्यानं. दुकानभर सुर्र-सुर्र सुरू झालं आणि प्रत्येक भुरक्यानंतर लोक वळून नोगामींकडं मोठ्या आशेनं बघू लागले. नोगामींचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग लाल. तिसऱ्या वाडग्यापुढं ते मान खाली घालून बसले.

मिहो ताडकन उठली आणि सगळ्यांना कळेल अशा स्वच्छ अरबीत बोलली. "पुरे झाली थट्टा. माझे वडील तुमचे पाहुणे आहेत. जेवताना आवाज करत नाहीत ते. चारचौघांत कसं खावं हे कळतं आम्हाला."

बापाचा हात धरून ती निघून गेली. जाता जाता नोगामींनी वळून तशाच राहिलेल्या वाडग्याकडं एकदा पाहिलं. रऊफच्या ओठांतून एक शेवई लोंबत होती, ती आत घ्यावी की बाहेर टाकावी, हे त्याला सुचेना.

"ऐकलंस?" मामा शांतपणे म्हणाले. "जपानी पोरीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आवाज करत नाहीत. आणि तू दोन वर्षं या भल्या माणसांना गाढवासारखं पाणी प्यायला लावलंस."

"मामा, खरंच सांगतो, ओसाकाला..."

"पोर्ट सईदला," मामा म्हणाले. "उद्या येतो. शेवटचं."

त्या रात्री नगवा नवऱ्याला म्हणाली, "खरं सांग. मी चिडणार नाही. गेला होतास ना रे तिकडं?" हमदीला त्या क्षणी खरोखर रडू आलं. मामांचा संशय त्यानं पचवला होता, पण हा पचणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान भरलं, पण मयताच्या घरी बसावं तसं. बातमी गल्लीभर झाली होती. रऊफ एकेक शेवई काड्यांनी उचलून, डोळे खाली घालून तोंडात सारत होता. कोणाचा चमचा वाडग्याला लागला तरी चार माना वळत होत्या. मामा कोपऱ्यात बसून पहिल्यांदाच समाधानानं सगळ्यांकडं बघत होते.

तेवढ्यात नोगामी आले, एकटेच. दारातून एकदा मागं रस्त्याकडं पाहून मुलगी मागं नाही याची त्यांनी खात्री केली, मधलं टेबल धरलं आणि रामेन मागवलं. वाडगा आला. त्यांनी हात जोडले, काड्या उचलल्या, आणि कालपासून अडवून धरलेलं सगळं एका दमात सोडलं.

असा भुरका सिदी बिश्रनं ऐकला नव्हता. रऊफच्या हातातली काडी पडली. पडद्याआड हमदीनं झारा खाली ठेवला. इतका आनंद त्याला मुलगी झाली तेव्हा झाला होता.

"हा कोण?" मामांनी दरडावून विचारलं.

"कालचेच आहेत, मामा," नगवा म्हणाली.

"कालचा सभ्य होता. याला तुझ्या नवऱ्यानं पढवून आणलाय."

नोगामींनी दुसरा भुरका मारला. मामा उठले, काठी टेकत त्यांच्या टेबलापाशी गेले आणि ओठांवर बोट ठेवलं. मग सगळ्या दुकानाकडं हात फिरवून दाखवला, की बघा, माणसं कशी खातायत.

नोगामींनी पाहिलं. काल ज्यांनी डोकं उठवलं होतं तीच माणसं आज मुकाट जेवत होती. मुलीनं बजावलं होतं तेच खरं, परदेशात असं खाऊ नये, आणि कालचा गोंगाट नक्की आपल्याला खिजवायलाच होता. ते उठले, मामांसमोर कंबरेत वाकले आणि खाली बसून बिनआवाजी खाऊ लागले.

मामांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "आता वाटतोय जपानी," ते म्हणाले. "हमदी, इकडं ये. वळण आहे या जेवणात. इतकं शांत बसून कलेजी कुणी खात नाही. चालव दुकान. पण आवाज ऐकू आला तर त्याच दिवशी कुलूप लावीन."

हमदीनं मान डोलावली. दुकान वाचलं होतं आणि भुरका गेला होता. तो नोगामींपाशी वाकून हळूच जपानीत म्हणाला, "आत याल का? चुलीशी एक स्टूल आहे." नोगामी निमूटपणे वाडगा घेऊन उठले. आत गेल्यावर हमदीनं त्यांना सगळं सांगितलं. म्हातारा तोंडावर हात धरून एवढा हसला की डोळ्यांत पाणी आलं.

"दोन दिवस मी हे खातोय," ते म्हणाले, "आणि चव कळलेली नाही. हवा आत गेल्याशिवाय वास कसा चढणार?"

हमदीनं त्यांना नवा वाडगा भरून दिला, पडदा नीट ओढून घेतला आणि बाहेर येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं मामांनी कान टवकारले.

"हमदी, तुझ्या मोरीत काहीतरी तुंबलंय. ऐकू येतंय का?"

"येतंय, मामा," हमदी म्हणाला, आणि डोळे मिटून ऐकत राहिला.