महादेवाचा आवाज आणि बटाट्याची तंगडी

महादेवप्पांनी पाण्याचा तांब्या हातानं मागं सारला, तेव्हाच बसम्मानं ताडलं, काहीतरी बिनसलंय. दुष्काळाचं साल. रेणापुरात टँकर आला की घागरींची जत्रा भरायची, आणि त्या जत्रेतून बसम्मानं पाहुण्यांसाठी म्हणून एक घागर वेगळी झाकून ठेवली होती. त्या घागरीतला पहिला तांब्या परत आला होता.

"पाणी तरी घ्या, अप्पा. उन्हातून आलात."

"न्हाई घेत," महादेवप्पा म्हणाले. "आधी सांगा, हे कोण?"

त्यांचं बोट खांबाला टेकून उभ्या असलेल्या पंचाक्षरीवर होतं. पंचाक्षरी म्हणजे बसम्माचा थोरला मुलगा, मुंबईत सिनेमांना संगीत देणारा. धाकट्या बहिणीची, महानंदाची सोयरीक जुळत होती म्हणून मुद्दाम आला होता. महादेवप्पांचा मुलगा चांगला होता, घर लातूरचं होतं, डाळीची मिल होती. लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण महादेवप्पांच्या अंगावर तो अजून नव्या धोतरासारखा कडक होता. काल-परवापर्यंत तालुक्याचा माणूस होतो, आज जिल्ह्याचा आहे, हे ते चहा पितानाही विसरत नसत.

"माझा थोरला," बसम्मा म्हणाली. "मुंबईला पेटी वाजवतो."

"पेटी वाजवतो का कोंबडी खातो? म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सिनेमात. एका हातात बाटली, एका हातात तंगडी. गळ्यात लिंग बांधणाऱ्या घरचं लेकरू, आन् कराकरा हाड चावून राहिलंय."

"दोनदा बघितला यांनी तो सिनेमा," शेजारी बसलेल्या कमलम्मा शांतपणे म्हणाल्या. त्या महादेवप्पांच्या पत्नी.

"खात्री करायला गेलतो दुसऱ्यांदा."

आता यात पंचाक्षरीचा दोष एवढाच, की तो चित्रीकरणाच्या जागी रिकामा बसायचा. ठरलेला नट आला नाही की दिग्दर्शक इकडंतिकडं बघायचा आणि पेटीजवळ बसलेला पंचाक्षरी त्याला दिसायचा. असं करत करत तो वैद्य झाला, स्टेशनमास्तर झाला, एकदा तिरडीवर झोपला आणि खरोखर झोप लागून घोरला. दारुड्याची पंगत त्यातलीच. गावाला त्याचं एकही गाणं ठाऊक नव्हतं, पण तिरडी सगळ्यांनी ओळखली होती. बसम्मानं तर तो तिरडीचा सिनेमा बघून घरी आल्यावर दृष्टसुद्धा काढली होती.

"अप्पा, ती तंगडी बटाट्याची होती," पंचाक्षरी म्हणाला.

"बटाट्याला हाड असतंय?"

"काडी होती आत. बसा दोन मिनिटं, करून दाखवतो."

इथंच चुकलं. माणसानं शब्दावर भागवावं. पंचाक्षरी चुलीपाशी गेला. उकडलेला बटाटा कुस्करला, त्यात बेसन, तिखट, हळद घातली, कडुलिंबाच्या काडीवर थापून वरून जाड, खाली निमुळतं केलं आणि तव्यावर तेलात फिरवलं. वरचा पापुद्रा असा तांबूस झाला, की महानंदानंच पदर नाकाला लावला.

"अण्णा, जरा बटाट्यासारखं तरी कर की," ती हळूच म्हणाली. मुलगा तिला पसंत होता. एसटी स्टँडवर एकदा त्यानं तिची जागा धरली होती आणि नंतर स्वतः लातूरपर्यंत उभा राहिला होता. हे घरात तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळं सगळ्यांना ठाऊक होतं.

पंचाक्षरी तंगडी घेऊन बाहेर आला. नुसती दाखवायची, तर त्यानं खाऊन दाखवली. आणि एकदा खायला लागल्यावर त्याच्यातला नट जागा झाला. डोळे अर्धे मिटले, मान तिरकी केली, दातांनी लचका तोडला, मिशीला लागलेलं तेल मनगटानं पुसलं. महादेवप्पा भिंतीला चिकटले. पडद्यावर होतं तेच डोळ्यांसमोर चाललं होतं, फक्त तिकीट नव्हतं.

"चाखून बघा," पंचाक्षरीनं काडी पुढं केली. तेवढ्यात दारातून एक कुत्रं आलं, त्यानं एकदा हुंगलं, तंगडी हातातून ओढली आणि पळालं.

"बगा," महादेवप्पा चपला शोधत म्हणाले. "मुक्या जनावराला कळलं."

"दुष्काळ हाय अप्पा, कुत्रं बाभळीच्या शेंगाबी खातंय!" पंचाक्षरी म्हणाला.

पण महादेवप्पा निघाले होते. कमलम्मांनी जाताना महानंदाच्या गालावरून हात फिरवला आणि पंचाक्षरीला विचारलं, "बेसन किती घातलंव?" त्यावर नवऱ्यानं असं बघितलं, की त्या पुढं चालू लागल्या. बसम्मानं तांब्यातलं पाणी परत घागरीत ओतलं. उष्टं तर झालं नव्हतं.

पुढचे दोन दिवस महानंदा भाकरी थापायची ती एवढ्या जोरात, की शेजारच्यांना वाटावं डाळ मिल रेणापुरातच आली. शनिवारी बसम्मा म्हणाली, "पंचा, उद्या लातूरला जा. पाय धर, शपथ घे, काय बी कर. पण काही खाऊन दाखवू नको."

रविवारी सकाळी पंचाक्षरी लातूरला महादेवप्पांच्या घरी पोचला, तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची वेळ. अर्धी गल्ली बैठकीत बसली होती. टीव्हीला झेंडूचा हार होता, पुढं उदबत्ती जळत होती, आणि महादेवप्पा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून सगळ्यांच्या पुढं हात जोडून बसले होते. पंचाक्षरी मागं तुरीच्या पोत्याला टेकून बसला. मालिका संपल्यावर बोलू, असा त्याचा बेत होता.

त्या मालिकेचं संगीत त्याचंच होतं. त्यातही महादेव प्रकटण्याआधी डमरू, नगारे आणि तुताऱ्या यांचा जो कल्लोळ उठायचा, त्यावर त्याचा फार जीव होता. आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यानं घरीही सांगितली नव्हती. महादेवाचं काम करणारा नट अंगानं डोंगरासारखा, पण आवाज शिट्टीसारखा. दिग्दर्शकानं नेहमीसारखं इकडंतिकडं बघितलं होतं. तेव्हापासून महादेव पंचाक्षरीच्या गळ्यातून बोलत होते.

कल्लोळ उठला, धूर पसरला, महादेव प्रकटले. त्यांनी तोंड उघडलं आणि टीव्हीचा आवाज गेला.

"अरे अरे," गल्ली कळवळली.

"थापटा की जरा," कमलम्मा म्हणाल्या.

"महादेव उभे हायत समोर. थापटू कसं?" महादेवप्पांचा आवाज रडवेला झाला होता.

महादेवांचे ओठ हलत होते. पंचाक्षरीनं त्या ओठांकडं बघून बंद खोलीत किती वेळा बोललं असेल, त्याला गणती नाही. ओठ हलले की त्याचा गळा आपोआप सुरू व्हायचा. आताही झाला.

"आँखें खोलो, वत्स. तुम्हारी तपस्या पूर्ण हुई."

बैठकीतले हात जुळले. सगळ्यांचे डोळे टीव्हीवर, कान धन्य झालेले. महादेवप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इथवर ठीक होतं, पण पुढचं वाक्य पंचाक्षरीला आठवेना. पडद्यावर तर महादेव बोलतच होते, आणि हलत्या ओठांना रिकामं सोडणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. मनात जे घोळत होतं, तेच तोंडात आलं.

"वत्स, आँखों देखा भी सच नहीं होता. आलू को मुर्गी मत समझो. द्वार पर आया हुआ जल मत ठुकराओ."

लोकांना वाटलं, पुराणात असेल. महादेवप्पांना मात्र घाम फुटला. ते उठले, पुढं झाले आणि त्यांनी साष्टांग नमस्कार घालताना कपाळ टीव्हीच्या टेबलावर असं आपटलं, की टीव्हीचा आवाज परत आला.

"तथास्तु," टीव्ही म्हणाला.

"तथास्तु," तुरीचं पोतं म्हणालं.

सगळ्या माना मागं वळल्या. पंचाक्षरी हात आशीर्वादाला उचलून, तोंड उघडं ठेवून बसला होता. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं आधी टीव्हीकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि जवळ होता म्हणून त्यालाच हात जोडले.

महादेवप्पा टेंगूळ चोळत आले. "पुन्हा बोला बरं."

"वत्स," पंचाक्षरी अपराध्यासारखा म्हणाला.

"म्हंजे दर रविवारी म्या उदबत्ती लावून राहिलो, ती तुमाला?"

"मला न्हाई अप्पा, देवाला. मी नुसता बोलतो."

"आन् तंगडी?"

"तीबी नुसतीच. काडी होती आत."

महादेवप्पांनी चिडावं, तर महादेवाच्या आवाजावर चिडल्यासारखं होत होतं. पाया पडावं, तर कोंबडी आडवी येत होती. शेवटी कमलम्माच उठल्या.

"ह्यो महादेव खोटा, तर ती तंगडीबी खोटी," त्या म्हणाल्या. "तंगडी खरी म्हणत असाल, तर मग हे महादेवबी खरे. मंग त्यांच्या घरचं पाणी टाकून आलाव, त्याचं काय ते बगा."

गल्लीतल्या लोकांना हे पटलं. महादेवप्पांनाही दोन्हीकडून बघून झाल्यावर पटलं.

पुढच्या आठवड्यात ते रेणापूरला आले आणि बसताबसताच म्हणाले, "पाणी आणा." बसम्मानं तांब्या दिला, तो त्यांनी एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. टँकर परवावर होता, तरी बसम्मानं तो हसून दिला. सुपारी फुटली. कमलम्मा चुलीपाशी बसून बटाट्याची तंगडी शिकल्या. सगळं गोड झालं, आणि मग महादेवप्पा सैल होऊन लोडाला टेकले.

"एक इचारू? तुमचा आवाज म्हंजे साक्षात. पण तुमी बोलायच्या आधी ते ढणढण ढणढण कोण वाजवून राहिलंय? माझं तर डोस्कं उठतंय. देवाला नीट येऊ द्या की. तुमच्या ओळखीचा असंल, तर बंद कर म्हणावं."

चहाचा ट्रे घेऊन आलेली महानंदा उंबऱ्यातच थांबली. ते ढणढण कुणाचं, हे तिला माहीत होतं. तिनं भावाकडं बघितलं. पंचाक्षरीनं तिच्या कपाळावरच्या नव्या कुंकवाकडं बघितलं.

"हाव, ओळखीचा हाय," तो म्हणाला. "तसा भला माणूस हाय, अप्पा. सांगतो त्याला. ऐकंल."

काही रविवारांनंतर लातूरच्या त्या बैठकीत महादेव आले, ते नुसत्या तंबोऱ्यावर, हळूच, शेजारघरून आल्यासारखे. महादेवप्पांनी मागं वळून गल्लीकडं बघितलं.

"ऐकलाव?" ते म्हणाले. "आता जिल्ह्याची माणसं झालो आपण. मुंबईत शब्द चालतोय आपला."