आसारामनानांच्या मते खोटारडा कागद

आसारामनानांनी साखर सोडली आणि अख्ख्या काष्टी गावातल्या एकाही माणसाने त्यांना शाबास म्हटलं नाही, याचा नानांना भयंकर राग होता. चहा बिनसाखरेचा, शिरा बंद, बाजारच्या दिवशी जिलबीच्या पालासमोरून मान वळवून चालायचं. (मान वळली तरी नाक वळत नाही, ते सोडा.) हे सगळं सोसायचं एकाच आशेवर. रविवारी नातीचा, निकिताचा, साखरपुडा होता आणि त्यात दोन जिलब्या खायला रतनबाईंनी परवानगी दिली होती. पण बायकोच ती, अट घातलीच.

"आधी तपासनी. साखर न्हाई निघाली तरच जिलबी."

तपासणी करणार होती खुद्द नवरी. निकिता नगरला फार्मसी शिकते. तिने कॉलेजात गाळणकागदाचे तुकडे तयार केले होते, वर मेणाने आखलेला गोल आणि गोलात वाळवलेलं औषध. सुई नको, मशीन नको. लघवीचा थेंब टाकायचा. कागद पांढरा राहिला तर ठीक, तपकिरी झाला तर साखर.

नाना ऐटीत बाटली घेऊन आले. थेंब पडला. कागद बघता बघता तपकिरी झाला.

"अवो, कुठं खाल्ली?" रतनबाई कडाडल्या.

"खंडोबाची आन! साखरेचा कनबी तोंडात घातला न्हाई! ह्यो कागदच खोटारडा हाय!"

निकिताने दुसरा कागद लावला. तोही तपकिरी. मग रतनबाईंची तपासणी केली, तर त्यांचा कागद पांढराशुभ्र! आता नानांचं डोकंच सणकलं. जन्मभर साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात इमानेइतबारे कारकुनी केलेल्या माणसावर टिकलीएवढ्या कागदाने आळ घ्यावा?

आरडाओरडा ऐकून शेजारचा श्रीमंत नावाचा शेतकरी अंगणात आला. त्याचा ऊस होता, गुऱ्हाळ होतं आणि नानांशी जुनं भांडणही होतं. ऊस कारखान्याला घालायचा तेव्हा तो दरवर्षी उतारा (म्हणजे उसातल्या साखरेचा टक्का, पैसे त्यावरच) वाढवून मागायचा आणि नाना त्याला दरवर्षी हाकलून द्यायचे.

"बरं झालं आलास! साक्षीला थांब," म्हणत नानांनी माठामागून एक तांब्या काढला. "डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासनं चहाबिगर मी रोज फकस्त हे पितोय. लाव गं ह्याला कागद. ह्यातबी साखर दावली तर कागदच खोटा!"

निकिताने थेंब टाकला. कागद पार काळपट झाला.

"बघा! पकडला का न्हाई?" नानांनी मांडी थोपटली. "ज्यात साखर न्हाई त्यातबी साखर दावतोय लेकाचा!"

"नाना, तांब्यात आहे काय?"

"उसाचा रस."

रतनबाई कपाळाला हात लावून मटकन खाली बसल्या.

"अगं, साधा रस न्हाई!" नाना चिडून म्हणाले. "पारखून आनलाय. श्रीमंतच्या गुऱ्हाळावरनं, त्याच्याच उसाचा. ह्याच्या उसात साखर नावाला न्हाई, हे मी ऑफिसात जलमभर सांगत आलोय!"

"अवो, ते ऑफिसातलं बोलनं हुतं!"

"म्हंजे? मी काय खोटं बोलत हुतो?"

(बिचारे मनापासून विचारत होते, हेच तर रतनबाईंना सोसवेना.)

श्रीमंतने तो काळा कागद उचलला, उन्हात धरून बघितला, फुंकर मारून वाळवला आणि टोपीत ठेवून निघून गेला.

रविवारी साखरपुड्याच्या पंगतीत नानांच्या ताटात कारल्याची भाजी पडली. त्यांच्या वाटणीच्या दोन जिलब्या रतनबाईंनी शेजारी बसलेल्या श्रीमंतला वाढल्या. त्याने टोपीतला कागद काढून नानांच्या ताटाशेजारी ठेवला आणि पहिली जिलबी मोडली.

"चला नाना," तो म्हणाला, "उशिरा का हुईना, उताऱ्याचा फरक मिळाला."