छत्तीस अंगठे

नऊ जून, सोमवार, सकाळी साडेनऊ. रक्कम रुपये साडेसहाशे. हजर दोघं: सोसायटीचा खजिनदार म्हणून मी, आणि पैसे घेणारे, आमच्याच सोसायटीत राहणारे रंगनाथ गाडेकर. काम, फाटकावरची पाटी रंगवणे. मी व्हाउचर पुढे केलं, पेन दिलं. रंगनाथरावांनी पेन बाजूला ठेवलं, शर्टाच्या खिशातून शाईचा छोटा पॅड काढला आणि डावा अंगठा त्यावर टेकवून व्हाउचरवर उठवायला निघाले. मी व्हाउचर मागे ओढलं.

माणूस अडाणी असता तर प्रश्न नव्हता. रंगनाथराव चाळीस वर्षं पाट्या रंगवताहेत. पडेगावात आमच्या सोळा घरांच्या सोसायटीसमोरून दौलताबादकडे जाणारे लोक गाडी हळू करून आमची पाटी वाचतात. पाटीवर फक्त 'वाहने फाटकासमोर लावू नयेत' एवढंच आहे. असं अक्षर ज्याच्या हातात आहे, तो माणूस सहीच्या जागी अंगठा उठवतो. गेल्या वर्षी आमच्या हिशेबतपासनिसाने शेरा मारला होता, 'साक्षर इसमाचा अंगठा कसा? खुलासा करावा.' म्हणून यंदा मी सांगितलं, सही करा, नाहीतर पैसे देता येत नाहीत.

"ऱ्हाऊ द्या मग," रंगनाथराव म्हणाले. "माझी सही बाद झालीय, खजिनदारसाहेब. उगं सोसायटीच्या रेकॉर्डला लागंल."

आणि शांतपणे पायऱ्या उतरून गेले. साडेसहाशे रुपये माझ्या वहीत लटकले.

'रेकॉर्डला लागतं' हे त्यांचं नेहमीचं वाक्य. चहाचा दुसरा कप नको, रेकॉर्डला लागतं. कुणाची शिडी आणली तर अंधार पडायच्या आत परत, रात्रभर राहिली तर रेकॉर्डला लागतं. कुरिअरवाला मोबाइल पुढे करून बोटानं सही करा म्हणतो, तर हे पडद्यावर अंगठा दाबतात. तिथं एक ठिपका उमटतो. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या हजेरीवहीत पंधरा सह्या आणि एक अंगठा असतो. तो अंगठाही असा चौकटीत बसलेला, कुठे डाग नाही, फराटा नाही, की शेजारची माझी सही बघून माझीच मला लाज वाटते. पॅड सतत खिशात असल्यामुळे त्यांच्या सगळ्या शर्टांच्या डाव्या खिशावर जांभळा डाग आहे. पूर्वी रंगवलेल्या पाट्यांच्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरात 'रंगनाथ' लिहीत. आता तो कोपरा रिकामा असतो.

याचं मूळ पंधरा वर्षांमागे आहे. फ्लेक्सचे दिवस आले, हाताने रंगवलेली पाटी कुणी विचारीना. रंगनाथरावांनी अक्षरं कापायचं यंत्र घ्यायला एका खासगी कंपनीकडून साठ हजारांचं कर्ज काढलं. पहिले नऊ हप्ते वेळेवर भरले. मग यंत्र बिघडलं आणि सात महिने एक रुपया भरता आला नाही. पुढे चार वर्षं पाचशे-हजार करत त्यांनी सगळं फेडलं, दंडासकट. पावत्यांची फाइल त्यांनी मला दाखवली होती. मी कागद न् कागद तपासला. बाकी शून्य. पण तुमचा कर्जफेडीचा स्कोअर खराब झाला, असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि ते त्यांनी मनात कोरून ठेवलं. आपण आपली ओळख करून देताना गाव सांगतो. हे गावानंतर स्कोअर सांगतात.

स्कोअरपेक्षाही वाईट झालं ते दारात. त्या सात महिन्यांत वसुलीवाला घरी आला होता. मुलगी स्वाती तेव्हा नुकतीच दुसरीत गेलेली, उंबऱ्यावर अभ्यास करत बसलेली. तिच्यासमोर तो म्हणाला, "तुमच्या सहीला किंमत काय?" रंगनाथरावांनी हे मला सांगितलं ते कुणी पत्ता सांगावा तसं, सरळ आवाजात. त्या दिवसापासून सही बंद. "किंमत नाय ती चीज लोकांला द्यायची कशी?" हा त्यांचा हिशेब. बायको आधीच वारलेली. घरात बाप-लेक दोघंच.

स्वाती आता नाशिकला नर्स आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा मला फोन आला. पहिला पगार झाला होता. तिला दर महिन्याला वडिलांना तीन हजार पाठवायचे होते आणि वडिलांचं बँकेत खातंच नव्हतं. जुनं होतं ते त्यांनी कर्जाच्या भानगडीत बंद करून टाकलं होतं.

"बाबा म्हणतात, दिवाळीला येशील तेव्हा हातात दे," ती म्हणाली. "काका, त्यांचा गॅस संपला की ते कुणाला सांगत नाहीत. चार-चार दिवस चहाबिस्किटावर काढतात." मग म्हणाली, "शाळेत सगळ्यांना वाटायचं, माझे वडील शिकलेले नाहीत. मी कधी खोडून काढलं नाही. काढलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, मग अंगठा का?"

मी रंगनाथरावांकडे गेलो. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. बाप-लेकीची खाती जोडली गेली की बापाचा डाग लेकीला लागणार, आणि तिला उद्या घर घ्यायचं असेल. अर्धा तास मी समजावलं, उपयोग नाही. शेवटी म्हणालो, "तुमचे साडेसहाशे निदान खात्यात भरून चुकते झाले नाहीत, तर शेरा माझ्या नावावर येईल. आता माझ्या रेकॉर्डला लागतंय."

त्यांनी लगेच चपला घातल्या.

सतरा जूनला आम्ही बँकेत गेलो. साधं बचत खातं, किमान शिल्लक शून्य. काउंटरवरची मुलगी पैठण तालुक्यातल्या पाचोडकडची निघाली. रंगनाथरावांनी फॉर्मच्या आधी फाइल पुढे सरकवली आणि पहिल्या हप्त्यापासून कबुलीजबाब सुरू केला. तिने तिसऱ्या हप्त्यापर्यंत ऐकून घेतलं.

"काका, हे कर्ज नाही," ती म्हणाली. "इथं तुम्ही पैसे ठेवणार, आम्ही सांभाळणार. भरवसा तुम्ही आमच्यावर टाकताय."

रंगनाथरावांचा चेहरा पडला. पंधरा वर्षांची तयारी वाया गेली होती. "तरी एकदा बघून घ्या," ते म्हणाले. तिने बिचारीने फाइल चाळली. मग त्यांनी विचारलं, पोरीच्या नावाला काही लागणार नाही ना? तेच त्यांनी आणखी दोन तऱ्हांनी विचारलं. तिन्ही वेळा ती नाही म्हणाली. तेव्हा कुठे त्यांनी वारसाच्या रकान्यात स्वातीचं नाव लिहिलं. भरलेला फॉर्म त्या मुलीने शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवला. म्हणाली, छापलेल्या अक्षरापेक्षा हे अक्षर बरं आहे.

ओळख पटवायला तिने अंगठ्याचं यंत्र पुढे केलं, तसे रंगनाथराव माझ्याकडे वळले. "बघा. बँकेला बी अंगठाच लागतो."

यंत्राने अंगठा तीनदा नाकारला. टर्पेंटाइन आणि पॉलिशपेपरने चाळीस वर्षांत रेघा पुसून टाकल्या होत्या. इतर बोटांचंही तेच. शेवटी मोबाइलवर ओटीपीचा आकडा आला, त्यावर काम भागलं. पण मुलगी म्हणाली, अंगठ्यावर खातं काढलं तर दर वेळी हीच कटकट होईल. तुम्हाला लिहिता येतं, सही करा.

रंगनाथरावांनी पेन घेतलं. पहिला प्रयत्न पाटीसारखा उतरला, अक्षरांच्या सावलीसकट. मुलीने विचारलं, दर वेळी अशीच जमेल का? "जमंल," ते म्हणाले, "पण दहा मिनिटं लागतील." मागे रांग वाढत होती. त्यांनी कोऱ्या कागदावर आणखी दोनदा करून पाहिली, दोन्ही वेगळ्या. मग पेन खाली ठेवलं.

"खरं सांगू का, माझी सही कशी होती ते मला आठवंना."

कुणी हसलं नाही. मुलगी म्हणाली, उद्या या.

दुसऱ्या दिवशी ते पिशवीत स्वातीचं पहिलीचं प्रगतिपुस्तक घेऊन आले. वसुलीवाला यायच्या आदल्या वर्षीचं. पालकाच्या सहीच्या रकान्यात त्यांची सही होती. र ला लांब शेपूट, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. ते पुस्तक त्यांनी काउंटरवर उघडं ठेवलं, एकदा बघितलं आणि फॉर्मवर सही केली. मुलीने सवयीप्रमाणे दोन्ही सह्या शेजारी धरून पाहिल्या.

"जुळते," ती म्हणाली.

"काय म्हणलात?"

"जुळते, काका. सही जुळते."

त्यांनी मान हलवली आणि प्रगतिपुस्तक पुन्हा पिशवीत नीट ठेवलं. दुपारपर्यंत खातं सुरू झालं, आणि तासाभरात स्वातीचे तीन हजार आल्याचा निरोप मोबाइलवर आला. तो त्यांनी मला चारदा वाचायला दिला.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. पिशवीत आणखी नऊ प्रगतिपुस्तकं, दुसरी ते दहावी. वर्षाला चार परीक्षा, म्हणजे छत्तीस अंगठे. जांभळी शाई फिकट झाली होती. प्रत्येक अंगठ्याशेजारी त्यांनी आज सही केली होती.

"एखादा ऱ्हायला का बघा," ते म्हणाले. मी मोजले. छत्तीस भरले.

"शाळेत पोरीला काय म्हणत असतील, ते मला कळत होतं," रंगनाथराव म्हणाले. "तिनं कधी घरी सांगितलं नाय. आता हे नियमात बसतं का तेवढं सांगा."

मागाहून केलेली सही मी हिशेबखात्यातल्या बावीस वर्षांच्या नोकरीत कधी चालवून घेतली नाही. मी म्हणालो, "प्रत्येक सहीखाली आजची तारीख घाला."

ते आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसले आणि छत्तीस वेळा तारीख घातली. माझ्या बायकोने चहा दिला, तो घेतला. दुसरा कप विचारला, तोही घेतला. मग एकेका पानाचे फोटो काढून मी स्वातीला पाठवले.

त्यानंतर माझं काम. अठरा जून, बुधवार. रुपये साडेसहाशे, फाटकावरच्या पाटीबद्दल, रंगनाथ सखाराम गाडेकर यांच्या खात्यात जमा. व्हाउचरवर सही आहे. खुलाशाची गरज नाही.