प्लंबरचं ग्लिसरीन

बायको जाऊन महिना झाला, तरी प्लंबरच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता. जन्मभर लोकांचे गळके नळ बंद केलेल्या माणसाची दैवाने अशी थट्टा करावी! रडू गळ्यापर्यंत यायचं आणि तिथेच अडायचं. एकुलत्या एका मुलीने मात्र, बाबांना आईचं काही वाटलंच नाही, असं मनाशी धरून फोन करणंच सोडलं होतं. आज ती आईच्या वस्तू न्यायला येणार होती. पुन्हा येईल की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

"तिच्यासमोर चार टिपं गाळा की," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"येत नाहीत हो."

"मग ग्लिसरीन लावा. नाटकातले लोक नाही का लावत?"

घरात ग्लिसरीन कुठलं? प्लंबरने बायकोचं कपाट उघडलं. आत फेसवॉशच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. चष्मा चढवून त्याने एकीच्या पाठची बारीक अक्षरं वाचली. पहिलं पाणी, दुसरं ग्लिसरीन. देव पावला म्हणून त्याने बाटल्या बेसिनपाशी नेल्या, पहिलीचं सील फोडलं आणि डोळ्यांभोवती सढळ हाताने चोळलं. गाल तेवढे मऊ झाले.

दुसऱ्या बाटलीत ग्लिसरीन होतंच, वर सॅलिसिलिक अ‍ॅसिड होतं. तुंबलेलं मोकळं करायला अ‍ॅसिडच लागतं, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं. तेही फासलं. तिसरीत व्हिटॅमिन सी निघालं. जीवनसत्त्वाने कुणाचं वाईट झालंय? पाच मिनिटांत चेहरा लालबुंद झाला, डोळे सुजून मिटले आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दार काकूंनी उघडलं. "बघ गं, रडून रडून डोळे सुजलेत बिचाऱ्याचे."

"काकू, रडल्यावर तोंडाला फेस येत नाही," मुलगी म्हणाली.

तिने बापाला बेसिनपाशी नेलं आणि नळ सोडला. त्याने खाली मान घालून सगळं कबूल केलं.

"बाबा, ग्लिसरीनने रडू येत नाही. ते कातडीत ओलावा धरून ठेवतं. आणि या अ‍ॅसिडने छिद्रं मोकळी होतात, माणसं नाही." बोलता बोलता तिचं लक्ष बेसिनमधल्या सीलच्या तुकड्यांकडे गेलं. "ही आज फोडलीत? मी पाठवलेलं आई वापरायची ना? मला तर सांगायची, चेहरा उजळलाय म्हणून."

"साध्या साबणानेच तोंड धुवायची ती. एकही उघडली नाही. पोरीने पाठवलंय, उघडलं की संपून जाईल, म्हणायची. बाटल्या पुसायची आणि परत ठेवून द्यायची."

प्लंबरने कसाबसा एक डोळा उघडला. बेसिनच्या काठावर तिन्ही बाटल्या उघड्या पडल्या होत्या.

"आणि मी..." तो म्हणाला आणि त्याला पुढे बोलता येईना. खांदे हलायला लागले. महिनाभर अडलेलं सगळं एकदम वाहू लागलं.

"अजून झोंबतंय?" मुलीने विचारलं. तिचाही आवाज धड नव्हता.

"हो," तो म्हणाला. "फार झोंबतंय."

तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि ती हलक्या हाताने त्याचं तोंड पुन्हा पुन्हा धूत राहिली. फेस तर केव्हाच गेला होता.